कायदा 1952 साली रद्द झाला, मग पोलिसांची गाडी आधी पालावरच का जाते?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार धरणारा इंग्रजांचा कायदा, 1952 साली रद्द झाला असं वर्गात शिकवलं, पण तुमच्या तालुक्यात कुठेही घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. कायदाच उरला नाही तर हे कशाच्या आधारावर चालतं, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांबद्दल आपण जे वाचतो ते आणि हे एकच का, असे तुमचे मुख्य दोन प्रश्न आहेत. मी मराठवाड्यात तालुका आणि सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. पारधी, कैकाडी, वडार आरोपींची बरीच कामं हाताखालून गेली आहेत, त्यावरून सांगते.

'पोलीस पूर्वग्रहाने वागतात' एवढं म्हणून थांबलं तर वकिलाच्या हाती काहीच लागत नाही. पूर्वग्रह गावातही असतो, पण गावाला कुणाला दोन वर्षं तुरुंगात ठेवता येत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि त्या कागदावर 'हा पारधी आहे म्हणून' असं कुणी लिहीत नाही. म्हणून मी तुमचा प्रश्न असा मांडते: जन्मावरून आलेला संशय कायद्याच्या कागदात कुठून शिरतो? माझ्या अनुभवात तो 'पूर्वइतिहास' या रकान्यातून शिरतो. हा इतिहास कसा तयार होतो ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

थोडं मागे जावं लागेल. 1871 चा कायदा आधी उत्तर भारतात आला. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि 1924 मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा झाला. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की त्या जमातीतल्या माणसाने प्रत्यक्षात काय केलं हे बघायची गरजच नव्हती. त्याची नोंदणी व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरल्या वेळी हजेरी लावावी लागायची, गाव सोडायचं तर परवाना लागायचा. काहींना कुटुंबकबिल्यासह तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरच्या त्या वस्तीतली माणसं गिरण्यांमध्ये कामाला जायची. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. गुन्हेगारी रक्तातून उतरते आणि जातीचा धंदा बापाकडून मुलाकडे जातो तसा चोरीचाही जातो, हे त्या काळच्या साहेबी वंशशास्त्राचं गृहीतक होतं. कायदा त्यावर उभा होता.

तुम्ही वंशाबद्दल विचारलंय म्हणून त्याच काळातली दुसरी बाजूही बघा. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरं सोडली तर बाहेरच्या जिल्ह्यांत गोऱ्या आरोपीचा खटला भारतीय न्यायाधीशाला चालवता येत नव्हता. 1883 मध्ये व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात इल्बर्ट बिलाने हा भेद काढायचं ठरवलं, तर हिंदुस्थानातल्या युरोपियनांनी एवढा गदारोळ केला की सरकार मागे सरलं. 1884 च्या तडजोडीत जिल्ह्यांतल्या भारतीय न्यायाधीशांना तो अधिकार मिळाला, पण गोऱ्या आरोपीला निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागायचा हक्क देऊन. फौजदारी कायद्यातले असे वांशिक भेद काढून टाकणारा कायदा आपल्याकडे झाला तो 1949 साली. म्हणजे एकाच सरकारच्या एकाच फौजदारी व्यवस्थेत काहींना जन्मामुळे संरक्षण होतं आणि काही जन्मतःच संशयित होते. आपली न्यायदंडाधिकारी न्यायालयं, पोलीस ठाण्याची नोंदवही, पंचनामे ही सगळी घडण त्याच काळातली आहे. जातीची अधिसूचना गेली, पण नोंदवही ठेवायची सवय गेली नाही.

31 ऑगस्ट 1952 नंतर काय उरलं? मुंबई राज्याचा 1959 चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नाही, ठरावीक मुदतीत ठरावीक वेळा शिक्षा झालेली असावी लागते. कागदावर हा मोठा फरक आहे आणि तो मी नाकारत नाही. शिवाय चॅप्टर केसची, म्हणजे संशयितांकडून चांगल्या वागणुकीची हमी लिहून घ्यायची कलमं आहेत, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची (सीआरपीसी) 109 आणि 110, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची 128 आणि 129. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 122 आहे, ते मूळ कायद्यातून एकदा नीट वाचा. चोर म्हणून ज्याची ख्याती आहे असा माणूस सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान रस्त्यावर किंवा इमारतीच्या आवारात पडून असला, घुटमळताना दिसला आणि समाधानकारक कारण देऊ शकला नाही, तर तो गुन्हा आहे. ही ख्याती कुणी ठरवायची? आणि ज्याचं पालच रस्त्याकडेच्या गायरानात आहे, त्याने रात्री तिथे का होतास याचं समाधानकारक कारण कोणतं द्यायचं?

आता एक फिर्याद जवळून बघू. दरोड्याच्या तयारीची केस, पूर्वीची भादंवि 399 आणि 402, आता भारतीय न्याय संहितेच्या 310 मधली पोटकलमं. मजकूर बहुतेक वेळा असा असतो: रात्रगस्त चालू असताना गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली, अमुक शिवारात काही इसम दबा धरून बसले होते, पोलिसांची चाहूल लागताच पळू लागले, पैकी चौघांना जागीच पकडले, एक अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला. अंगझडतीत कटावणी, कोयता, दोरी आणि मिरचीची पूड. पाचवा माणूस पळालेला दाखवावा लागतो, कारण दरोड्याला कायद्याने किमान पाच जण लागतात. अशा काही केसेस अगदी खऱ्या असतात. पण वेगवेगळ्या ठाण्यांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या फिर्यादींमध्ये तीच हत्यारं, तीच पूड आणि तोच अंधार दिसला की मी पंच कोण आहेत ते आधी बघते. तेच दोन पंच आधीच्या पंचनाम्यांतही आहेत का, त्यांचं गाव घटनास्थळापासून किती लांब, रात्री दोन वाजता ते तिथे कसे पोचले, हे विचारलं की बरंच बाहेर येतं.

दुसरी खूण फिर्यादीतल्या वर्णनात सापडते. 'अनोळखी चार इसम, अंगात बनियन, आपसात पारधी भाषेत बोलत होते.' उलटतपासात मी साधा प्रश्न विचारते, तुम्हाला पारधी भाषा येते का, त्यांनी उच्चारलेला एखादा शब्द सांगता का? बहुतेकांना सांगता येत नाही. फिर्यादी खोटारडा असतो असं नाही. अंधारात घाबरलेल्या माणसाने न कळणारी कुजबूज ऐकलेली असते, आणि ती कुठली भाषा हे ठाण्यात जबाब लिहिताना ठरतं. तपासाची दिशा त्या एका वाक्याने पक्की होते.

मग माणूस उचलला जातो. अटकेच्या कागदावर जी वेळ असते ती खरी आहे का, हा पहिल्या दिवसाचा सगळ्यात मोठा प्रश्न. कायद्याने चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं असतं, पण ते चोवीस तास कागदावरच्या वेळेपासून मोजले जातात. आधी 'चौकशीला आणलं होतं' असं सांगितलं जातं. पोलीस कोठडीत, म्हणजे पीसीआरमध्ये, निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून केलेला पंचनामा, होतो आणि आरोपीने 'काढून दिलेला' मुद्देमाल जप्त होतो. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण त्या कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. हे पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 27 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पीसीआर संपला की शेजारच्या ठाण्याचे अंमलदार उभेच असतात. तिथल्या उघडकीस न आलेल्या घरफोडीत त्याला वर्ग करून घेतात. एका अटकेतून अशा तीन-चार केसेस तयार होतात.

इथून पुढचा भाग तुमच्या पुस्तकात नसेल, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा. कोर्टाला ऐपतदार जामीनदार पाहिजे, म्हणजे सातबारा किंवा घराचा उतारा आणि तलाठ्याचं ऐपत प्रमाणपत्र. पालावर सातबारा कुणाकडे असणार? गावातला शेतकरी पारध्यासाठी आपला उतारा लावत नाही. गरीब माणसाला त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन लावू नये आणि जामीनदार परजिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात 1978 मध्येच सांगितलं आहे. तरी ते दरवेळी नव्याने दाखवावं लागतं. माणूस आतच राहतो. काही महिन्यांनी बायको पोरांना घेऊन कोर्टात येते आणि कुणीतरी त्याला सुचवतं की गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा होईल, संध्याकाळी घरी जाशील. तो कबूल करतो आणि खरंच संध्याकाळी घरी जातो. पण त्याच्या नावावर आता शिक्षा लागलेली असते. पुढच्या वेळी ती पहिल्या पानावर येते. तीन वेळा असं झालं की तो कायद्याच्या व्याख्येतही सराईत ठरतो, आणि तेव्हा कुणालाही म्हणता येतं की आम्ही जात पाहिली नाही, इतिहास पाहिला.

शिक्षा नसली तरी नुसत्या दोषारोपपत्रांचंही ओझं होतंच. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या मोक्का कायद्यात मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं दाखल आहेत का हे पाहतात. त्यात पुढे सुटका झाली का, हा प्रश्न नंतर येतो. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघा. कमाल शिक्षेचा ठरावीक भाग आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायची तरतूद त्यात आहे, पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीला तर एक तृतीयांश मुदतीवर. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर हा फायदा नाही. ज्याला तीन ठाण्यांनी वर्ग करून घेतलंय, त्याला हे दार बंदच. कलम लिहिणाऱ्याच्या मनात पारधी नसेल, परिणाम मात्र त्याच्यावर सगळ्यात आधी होतो.

एवढं वाचून सगळीकडे असंच चालतं असं समजू नका. बरंच काही ठाण्याच्या अधिकाऱ्यावर आणि रिमांड घेणाऱ्या न्यायाधीशावर अवलंबून असतं. पालावर जाऊन उचलाउचली न करता मोबाइलचे तपशील आणि सीसीटीव्ही पाहून चुकीच्या माणसाला स्वतःहून सोडणारे तपासी अधिकारी मी पाहिले आहेत. पहिल्याच रिमांडला आरोपीचा शर्ट वर करायला लावून पाठ बघणारे न्यायाधीशही पाहिले आहेत. आणि काही पारधी गुन्हे करतात, त्यांच्या हातून माणसं जखमी होतात, मरतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, दुसरा धंदा कुणी हाती दिला नाही. हे कारण मला ठाऊक आहे, पण ज्याचं घर फुटलं त्याच्यासमोर मी ते सांगत बसत नाही. त्याला खरा चोर सापडायला हवा असतो, आणि तो सापडत नाही हेच तर या पद्धतीचं मोठं नुकसान आहे.

यावर एक निकाल वाचाच. 2003 साली महाराष्ट्रात दरोडा, बलात्कार आणि खुनाची अत्यंत भीषण घटना घडली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे 2012 मध्ये समोर आलं. पुढे पुनर्विलोकनात प्रकरण नव्याने ऐकलं गेलं आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर कारवाईच झाली नव्हती. आरोपी गरीब भटके मजूर असल्यामुळे त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता न्यायालयाने निकालात नोंदवली आहे. त्या कुटुंबाला न्याय मिळाला नाही आणि या सहा जणांची सोळा वर्षं गेली.

आता अमेरिकेबद्दल. साम्य आहे, पण तिथे मोजमाप आहे. 1987 च्या मॅक्लेस्की विरुद्ध केम्प खटल्यात जॉर्जिया राज्याचा अभ्यास मांडला गेला होता: मयत गोरा असेल तर आरोपीला फाशी होण्याची शक्यता 4.3 पट. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की आकडे खरे धरले तरी याच आरोपीशी याच प्रकरणात हेतुपुरस्सर भेदभाव झाला हे सिद्ध होत नाही. आपल्याकडे त्या पायरीपर्यंतही जाता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग आकडेवारीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने आहेत, विमुक्तांचा, म्हणजे 1952 साली त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा, वेगळा रकाना नाही. तुरुंगात पारधी किती, रामोशी किती, हे कुणी मोजलेलंच नाही. म्हणून आपल्याला प्रत्येक केस सुटीच लढावी लागते.

ॲट्रॉसिटी कायदा वापरता येत नाही का, असंही तुम्ही विचारलंय. येतो, पण सगळ्यांना नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांच्याविरुद्ध खोटी फौजदारी कारवाई करणं हा त्या कायद्याच्या कलम 3(1)(पी) खाली गुन्हा आहे. पण राजपारधी, रामोशी, वडार विमुक्त जातीत मोडतात, त्यांना हा कायदा लागूच नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्तांत. आणि ज्यांना तो लागू आहे त्यांच्याकडे जातीचा दाखला हवा, त्यासाठी 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. फिरस्त्या कुटुंबाकडे तो कुठून येणार? काही घरांत सगळ्यात जुना सरकारी कागद आजोबांच्या अटकेचा निघतो. मी तोही पुराव्याला लावते.

3 ऑक्टोबर 2024 चा सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार हा निकाल मात्र उपयोगी हत्यार आहे. तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम त्यात रद्द झाले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं गेलं, आणि सराईत कुणाला म्हणायचं हे राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच ठरेल, जमातीवरून नाही, हे स्पष्ट झालं. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अर्नेश कुमार (2014) आणि अमानतुल्ला खान (2024) या निकालांतल्या सूचना पाळाव्यात, असंही त्यात आहे. रिमांडच्या अर्जावर 'आरोपी सराईत आहे' असं लिहिलेलं दिसलं की मी हा निकाल पुढे ठेवते आणि विचारते, किती शिक्षा, कोणत्या तारखेच्या, कोणत्या केस नंबरच्या? बऱ्याचदा उत्तरात नुसते गुन्हा रजिस्टर नंबर येतात, शिक्षा एकही नसते. वाईट चालचलन हा एरवी पुराव्याचा भागच नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम 49 त्यासाठीच आहे. ही हरकत पहिल्याच दिवशी घेऊन कोर्टाच्या रोजनाम्यात नोंदवून घ्यावी लागते, अपिलापर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

थोडक्यात माझ्या कामाचा क्रम असा: अटकेची खरी वेळ, अंगावरच्या जखमांची वैद्यकीय नोंद, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस दिली होती का, 'सराईत' या शब्दामागच्या शिक्षा, आणि मग जामीनदार. यातलं पहिलं जवळजवळ पूर्णपणे घरच्यांवर अवलंबून असतं. गाडी आली तेव्हा कुणी मोबाइलवर फोटो काढला किंवा 112 वर फोन केला, तर वेळ पक्की होते. पालावर गेले की मी बायकांना एवढं एकच पुन्हापुन्हा सांगते.

तुम्ही विद्यार्थिनी म्हणून आत्ता काय करू शकता, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतला कुठलाही माणूस, उत्पन्न काहीही असो, मोफत वकिलाला पात्र असतो, पण पालावर हे ठाऊक नसतं. सुट्टीच्या दिवशी रिमांड कोणत्या न्यायाधीशांसमोर होतो आणि त्या दिवशी समितीचा वकील कोण असतो, हे कोर्टाच्या कार्यालयात विचारून घ्या आणि त्या वकिलाचा नंबर पालावरच्या दोन-तीन घरांत देऊन ठेवा. उचलाउचली बहुतेक शुक्रवारी रात्री किंवा सणाच्या आदल्या दिवशी होते, तेव्हा वकील शोधायला वेळ नसतो.